नववा हात

४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं. वाटलं, कुणीतरी गेलं. आपल्यात पत्र यायला तेवढंच कारण उरलं होतं ना. उघडलं तर चार ओळी. "टिल्लूला घरी आण. तुझ्या हातात आहे असं पेपरात आलंय. तुझ्यामुळेच तो फौजेत गेला. आता तूच काढ." ना खुशाली, ना सही.

खरं सांगू? बरं वाटलं. भांडायला का होईना, तोंड उघडलंस.

तर आधी भांडूनच घेऊ. मी त्याला फौजेत घातलं नाही. तू म्हणालास, त्याला परराष्ट्र खात्यात कुठेतरी चिकटव, आणि मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन. वशिल्यानं लागला असता तर जन्मभर "बाईसाहेबांचा भाचा" म्हणून फायली वाहिल्या असत्या पोरानं. चिडून तो भरतीला गेला, आणि चिडून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. बाप तसा लेक.

पेपरवाल्यांचं फार मनावर घेऊ नकोस. ही शांतता संघटना म्हणजे सगळ्या देशांची मिळून एक अवाढव्य सोसायटी आहे असं समज. तिची पंधरा जणांची कमिटी, तिला परिषद म्हणतात. त्यात काही बडे देश कायमचे ठाण मांडून बसलेत आणि बाकीचे आमच्यासारखे दोन वर्षांचे पाहुणे. टिल्लू ज्या शांतिसेनेत आहे तिची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. ती वाढवायची की नाही, यावर मतदान आहे. पंधरा हातांतला एक माझा, आपल्या देशाची प्रतिनिधी म्हणून. एका हातानं काय होतंय?

इथे दिवसभर माणसं हसत असतात. तुझी आठवण येते. तू एका नजरेत सांगितलं असतंस, कुणाचे दात स्वतःचे आणि कुणाची कवळी. सांगणार नाहीस, तरी विचारते, कवळ्यांचं दुकान कसं चाललंय? वहिनीचा गुडघा?

तुझी
धाकटी


१२ मार्च

दादा,

उत्तर नाही. पण वहिनीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, म्हणजे तू बाहेरच्या खोलीत बसला होतास. म्हणाली, "ते म्हणतात, तिला सांग, मी दात बनवतो, पण दुधाचे दात पडून मला बरीच वर्षं झाली." म्हणजे माझं "एका हातानं काय होतंय" तुला पटलं नाही.

बरोबर आहे. मी आडवळणानं लिहिलं. आता सरळ लिहिते.

ठराव मंजूर व्हायला नऊ हात लागतात. आठ पक्के आहेत. सहा जण तटस्थ बसणार, म्हणजे ना हो, ना नाही. उरले मी.

हा घोळ का, तेही ऐक. एक मोठं राष्ट्र आहे, आम्ही खाजगीत त्यांना "थोरले" म्हणतो. टिल्लूची शांतिसेना ज्या पट्टीत उभी आहे, तिच्या एका बाजूला थोरल्यांचा दोस्त देश आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा जुना वैरी. मधे नदी, पूल, आणि पुलापलीकडे एक बाजाराचं गाव. काही वर्षांपूर्वी हा दोस्त लढाईत मार खात होता. तेव्हा थोरल्यांनी याच परिषदेत टेबल बडवून शांतिसेना मागितली. डोळ्यांत पाणी आणून भाषणं केली. युद्ध थांबलं, दोस्त वाचला. आता दोस्तानं बाळसं धरलंय, रणगाडे आलेत आणि त्याला ते गाव हवंय. मधे उभी आहेत आपली पोरं. म्हणून आता थोरले म्हणतात, शांतिसेनेचं काम झालं, खर्च फार होतो, मुदत संपू द्या. गरज सरो, वैद्य मरो.

तू विचारशील, थोरल्यांना एकट्याच्या जोरावर ठराव पाडता येतो ना? येतो. त्यांच्याकडे नकाराधिकार आहे. पण येत्या उन्हाळ्यात त्यांच्याच राजधानीत शांततेची मोठी बैठक भरतेय. अशा वेळी सगळ्या जगासमोर शांतिसेनेविरुद्ध हात वर करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यापेक्षा नऊ हातच होऊ द्यायचे नाहीत. ठराव आपोआप पडला, कुणी मारला नाही, बिचारा आजारानं गेला.

दादा, मी नुसती बसून राहिले तर टिल्लू पुढच्या महिन्यात घरी येईल. हे मला माहीत आहे. पहिल्या पत्रातही माहीत होतं.

धाकटी


१९ मार्च

दादा,

आज थोरल्यांच्या प्रतिनिधीनं चहाला बोलावलं. या गृहस्थांचं नाव मी गोडबोले ठेवलंय. उंच, पांढरे केस, आणि संत्रं सोलायला घेतलं की साल अखंड उतरवतात. त्यांच्या खोलीत गालिचा इतका जाड आहे की आपण आत आलो हे आपल्यालाच ऐकू येत नाही.

आधी माझ्या तब्येतीची चौकशी झाली. मग आपल्या देशाच्या बंदराची, त्याला मिळू शकणाऱ्या मदतीची. मग संत्र्याच्या फोडी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्याकडून आम्हाला काहीच नकोय. फक्त हात खाली ठेवायचा. इतकं सोपं काम आजवर कुणी कुणाला सांगितलं नसेल."

मी म्हटलं, "सोपं आहे तर तुम्हीच करा. तुम्ही हात वर करा, ठराव पाडा. हक्क आहे तुमचा."

ते हसले. "आम्ही शांततेच्या विरोधात कसे जाऊ?"

"मग बाजूनं करा."

"तुम्ही फार विनोदी आहात," म्हणाले. आणि उठताना, दारापर्यंत सोडायला येता येता, "तुमच्या भावाचा मुलगा तिथेच आहे ना? पुलाच्या चौकीवर? ती जागा धोक्याची होत चाललीय असं आमच्या माणसांचं म्हणणं आहे. आई-वडील वाट बघत असतील."

चौकी कोणती हे मी कुणाला सांगितलेलं नाही, दादा. मलाही ते वहिनीकडून कळलेलं.

हे तुला लिहू नये असं ठरवलं होतं. तू आणखी घाबरशील. पण मग तू म्हणशील लपवलं. घाबर. मीही घाबरलेय.

पण एक गोष्ट लक्षात आली. इतका मोठा देश, इतकी विमानं, इतक्या आगबोटी, आणि एका मध्यमवयीन बाईच्या भाच्याची चौकी शोधून काढावी लागते त्यांना. म्हणजे माझा हात त्यांना नडतोय, आणि चांगलाच नडतोय.

धाकटी


२६ मार्च

दादा,

तुझं दुसरं पत्र आलं. या वेळी दोन ओळी. "दुसऱ्यांच्या गावासाठी स्वतःच्या घरातला मुलगा देणारी तू कोण?"

ते वाक्य आधी बाजूला ठेवते आणि या आठवड्यात काय झालं ते सांगते.

मंत्रीसाहेबांचा फोन आला. "त्या ठरावावर तटस्थ राहा," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आपल्या सरकारचा शेवटचा लेखी आदेश शांतिसेनेला पाठिंबा द्या असा आहे. बदलायचा असेल तर लेखी पाठवा."

"लेखी कशाला? मी सांगतोय ना तोंडी."

"तोंडी हवेत जातं साहेब. उद्या त्या गावात काही झालं तर विचारतील, कुणी सांगितलं? मला कुणाचं नाव सांगू?"

मग म्हणाले, "तुम्हाला समजत कसं नाही?"

"समजतंय. म्हणून तर लेखी मागतेय."

आजपर्यंत काही आलेलं नाही. येणारही नाही. कुणालाच आपल्या सहीनं हे करायचं नाही. थोरल्यांना आमच्या खांद्यावरून बंदूक चालवायचीय, आणि मंत्रीसाहेबांना माझ्या.

आणि दादा, मी टिल्लूशी बोलले. चौकीवरून महिन्याला एकदा फोन करू देतात, तो या वेळी त्यानं तुम्हाला न करता मला केला. वहिनीला वाईट वाटेल म्हणून तिला सांगू नकोस, किंवा सांग, तुझं तू बघ.

मला वाटलं होतं तो म्हणेल, आत्या, आम्ही शूर आहोत, आम्ही राहतो. सिनेमात म्हणतात तसं. तो म्हणाला, "आत्या, मला घरी यायचंय."

मी खुर्ची ओढून बसले.

"इथे पाणी गढूळ येतं. माझ्या अंगावर पुरळ उठलंय. समोरून रोज रणगाड्यांचा आवाज येतो, झोप लागत नाही. मला घरी यायचंय." मग म्हणाला, "पण आम्ही निघालो ना, तर ते दुपारच्या जेवणाआधी पुलावरून गावात येतील. पोरं शाळेत असतील तेव्हा. इथे कुणीतरी राहायला पाहिजे. मी नको. दुसरं कुणीतरी."

"दुसरं कोण?"

"तेच तर ना," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. भलत्या वेळी हसायची खोड आपल्या घराण्याचीच.

मी त्याला काय करू असं विचारलं नाही. विचारलं असतं तर ओझं त्याच्या डोक्यावर गेलं असतं. तू म्हणशील, मग माझ्या डोक्यावर तरी का दिलं नाहीस, मी बाप आहे. दिलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, आणि बापानं तेच म्हणावं. पण परवा त्या टेबलापाशी मी कुणाची बहीण म्हणून बसलेली नसेन.

मी हात वर करणार आहे. तुला पेपरातून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आजच टाकतेय.

धाकटी


२९ मार्च

दादा,

झालं काल.

टेबल घोड्याच्या नालेसारखं आहे, वाकडं. मी एका टोकाला आणि गोडबोले समोर. अध्यक्ष म्हणाले, "ठरावाच्या बाजूने?" हात वर गेले. मी मोजत बसले नाही. माझा उजवा हात टेबलाखाली इतका घामेजला होता की आधी साडीला पुसला आणि मग वर केला. ब्लाउजची शिवण काखेत उसवली. टर्रकन आवाज आला तो मला एकटीलाच ऐकू आला असेल, देव करो.

"नऊ," अध्यक्ष म्हणाले. "विरोधात?"

सगळ्यांच्या माना गोडबोल्यांकडे वळल्या. आता त्यांना दोनच वाटा होत्या. हात वर करून जगासमोर शांतिसेना मारायची किंवा गिळायचं. त्यांनी मागे बसलेल्या माणसाकडे पाहिलं. तो फोनवर होता. त्यानं मान हलवली, कशी हलवली ते मला दिसलं नाही. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि शांततेचंच तर दुकान आहे हे.

गोडबोल्यांनी पेनाचं टोपण लावलं. हात टेबलावरच राहिले.

"तटस्थ?" तेव्हा त्यांचा हात वर गेला, इतर पाच जणांबरोबर.

सहा महिने मुदतवाढ. ठराव मंजूर.

बाहेर पडताना ते माझ्याजवळ आले. चेहरा तसाच गोड. "अभिनंदन. तुमच्या भाच्याला माझ्या शुभेच्छा कळवा."

संध्याकाळी परराष्ट्र खात्याकडून आदेश आला. लेखी, या वेळी. ताबडतोब परत या, चौकशी होईल. बघ, लेखी पाठवता येत नाही असं नाही त्यांना.

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नाही. सामान बांधतेय.

धाकटी


१६ मे

दादा,

वहिनी माझ्या शेजारी इस्पितळातल्या बाकावर झोपलीय, मी गुडघ्यावर पॅड ठेवून लिहितेय. तू आला नाहीस. "दुकान बंद ठेवता येत नाही" असं ती डॉक्टरांना सांगत होती. तिला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनाही कळलं.

टिल्लू आता शुद्धीवर आहे. डावा पाय गुडघ्याखाली गेला. ते तुला फोनवर कळलंय. बाकीचं त्यानं थोडं थोडं सांगितलं, ते लिहिते. तुला हक्क आहे.

त्या दिवशी पहाटे दोस्त देशाचे रणगाडे पुलाच्या तोंडाशी आले. मुदत वाढली तरी आले. बघावं तरी, शांतिसेना बाजूला होते का. वरून हुकूम होता, जागा सोडू नका आणि गोळी चालवू नका. आपल्या पोरांनी दोन पांढऱ्या लॉऱ्या पुलावर आडव्या लावल्या, किल्ल्या नदीत फेकल्या आणि मागे बसून राहिले. रणगाडे थांबले. संघटनेच्या झेंड्यावर उघड चालून जायला त्यांच्या मालकांची परवानगी नव्हती. दुपार टळेपर्यंत थांबले. तेवढ्या वेळात मागच्या रस्त्यानं गाव रिकामं झालं. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, शाळेसकट.

एक शिंपीणबाई शिलाई मशीन सोडायला तयार नव्हती म्हणे. उलटी पुलाकडेच आली, मदत मागायला. टिल्लू म्हणाला, "मावशी, जीव वाचवा, मशीन टाका." ती म्हणाली, "मशीन हाच जीव." मग त्यानं आणि आणखी एकानं ते उचलून हातगाडीवर चढवलं. तेवढ्यात तोफगोळा आला. एकच. दुसऱ्या दिवशी परिषदेत गोडबोले म्हणाले, ती दुर्दैवी चूक होती, आणि त्यांनी खेद व्यक्त केला. पण ओरड इतकी झाली की रणगाडे मागे फिरले. लोक गावात परत येतायत. कायमचे फिरले का? मला माहीत नाही. सप्टेंबरात मुदत पुन्हा संपते, आणि त्या टेबलापाशी मी नसेन.

मी त्याला विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

"आत्या, तू हात वर केलास ना, तेव्हा आम्ही चौकीवर रेडिओ ऐकत होतो. मी तुला शिव्या घातल्या."

"किती?"

"येत होत्या तेवढ्या."

"आणि आता?"

त्यानं पांघरुणाखाली जिथे पाय नाही तिथे पाहिलं. "आता नवीन शिकाव्या लागतील," म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून रडला. मी खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही. एवढंच. यापेक्षा जास्त काही झालं असं मी लिहिणार नाही.

धाकटी


३० मे

दादा,

वहिनीनं तुझा निरोप सांगितला. "तिनं मला तोंड दाखवू नये." तिनं तो जसाच्या तसा सांगितला, एक शब्द न गाळता, आणि मग माझ्यासाठी गरम दूध घेऊन आली.

ऐक. खात्यातला एक माणूस काल इथपर्यंत आला होता. म्हणाला, चौकशीत एवढंच सांगा की फोनवर मंत्रीसाहेबांचा आवाज नीट येत नव्हता, सूचना ऐकू आली नाही. मग प्रकरण मिटेल, निवृत्तिवेतन राहील, पुन्हा एखाद्या देशात पाठवतील. मी म्हटलं, आवाज स्पष्ट येत होता. शब्दन् शब्द ऐकला आणि समजून-उमजून हात वर केला. चौकशीत हेच सांगणार आहे. तो म्हणाला, "बाई, यातून तुम्हाला काय मिळणार?" मी त्याला जिना कुठे आहे ते दाखवलं.

तुलाही तेच सांगते. तुझ्याकडे माफी मागायला बसले तर तू आज ना उद्या विरघळशील, हे मला ठाऊक आहे. लहानपणापासून माझ्या रडण्यापुढे तुझं काही चाललेलं नाही. पण ती माफी खोटी असेल. उद्या पुन्हा विचारलं तर मी पुन्हा हात वर करीन, टिल्लूचा पाय माहीत असूनसुद्धा. खोट्यानं तू परत मिळण्यापेक्षा खऱ्यानं न मिळालास तरी चालेल. चालेल म्हणजे, चालवून घेईन.

मात्र एक गोष्ट तुझी मी ऐकणार नाही. तोंड दाखवणार आहे.

शुक्रवारी सकाळच्या विमानानं आम्ही तिघं येतोय. टिल्लू चाकांच्या खुर्चीत आहे, कुबड्यांची सवय व्हायला अजून वेळ लागेल असं डॉक्टर म्हणतात. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिना अरुंद आहे. खुर्ची तिरपी करून, पुढून एकानं आणि मागून एकानं उचलून न्यावी लागते. इथल्या वॉर्डबॉयकडून मी शिकून घेतलंय. रिकामी खुर्ची घेऊन, मग वहिनीला बसवून सराव केला. ती हसून हसून खाली पडायची बाकी होती. तिच्या गुडघ्यानं जिना होणार नाही. शेजाऱ्यांना बोलवायचं नाही असं टिल्लूनं बजावलंय.

म्हणजे उरलो तू आणि मी.

साडेअकराला खाली ये. पुढची बाजू तू धर, तुझा हात भक्कम आहे. मागची मी धरीन. वळणावर मी "थांब" म्हणेन, तेवढं ऐक. बाकी काही बोललं नाहीस तरी चालेल.

धाकटी